एकवीस दिवसांचा हिशेब

माणसांच्या डॉक्टरकडे दिवाळीला फराळाची ताटं येतात. गुरांच्या डॉक्टरकडे खरवस येतो, आणि तो दिवाळीची वाट बघत नाही. १९८४ साली मी नोकरीला लागलो आणि २०१७ साली निवृत्त झालो. मधली तेहतीस वर्षं, दोन बदल्या सोडल्या तर, नीरा नदीच्या दोन्ही काठांच्या गावांत गेली. एवढ्या काळात इतका खरवस घरी आला की शेवटी शेवटी आमच्या सौभाग्यवती पातेलं बघूनच सांगत, "हा पहिल्या धारेचा नाही हं, दुसऱ्या दिवसाचा आहे." कोणाची गाय व्यायली हे आमच्या घरात दवाखान्याच्या रजिस्टरच्या आधी समजे.

पण आज लिहायचं आहे ते ज्या घरांतून खरवस आला नाही त्यांच्याबद्दल. गाय आहे, देखणी आहे, खाते-पिते आहे, दर तीन आठवड्यांनी माजावर येते, भरवली तरी पुन्हा उलटते. असं तीनदा झालं, चारदा झालं, की घरातला कर्ता पुरुष दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो आणि तंबाखू मळत विचारतो, "डाक्टर, ह्या गायीला झालंय तरी काय? एखादं जोरदार विंजेक्शन नाही का?"

या प्रश्नाच्या पाठीमागं जे गणित आहे ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. पिशवीतलं दूध रोज सकाळी दारात येतं त्यांना वाटतं, गाय म्हणजे नळ. पण गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि गाभण राहिल्याशिवाय विणं नाही. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. वर्षाला एक वेत घ्यायचं म्हटलं तर ३६५ मधून हे २८० वजा जाता हातात ८५ दिवस उरतात. तेरा महिन्यांचं वेत धरलं तरी ११५. त्यांतले पहिले पन्नास-साठ दिवस गर्भाशय पूर्ववत व्हायला लागतात, त्या काळात गाय भरवू नये. म्हणजे उरला एक महिना, फार तर दोन. माज येतो सरासरी २१ दिवसांनी, कुणाचा १८, कुणाचा २४. त्यामुळं उरलेल्या वेळात संधी मिळणार ती दोनदा किंवा तीनदा. एक चुकली की एकवीस दिवस गेले. तोवर गव्हाण काही रिकामी ठेवता येत नाही. दूध मात्र महिन्यामागून महिने उतरत जातं, आणि एक दिवस गाय आटते. पुढचं वेत लांबलेलं असतं. सोसायटीचा हप्ता लांबत नाही.

तेव्हा पायरीवर बसलेल्या माणसाला मी उलट विचारत असे, "गाय माजावर आली हे पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

या प्रश्नाला बहुतेक जण गोंधळत. "कुनी म्हंजे? मीच की. आत्ताच वरडाया लागली, म्हणून तर आलो."

या "आत्ताच" शब्दानं आमच्या भागात जितक्या गाई भाकड ठेवल्या असतील तितक्या कुठल्या रोगानं ठेवल्या नसतील, असं माझं मत आहे. ते मत कसं झालं ते सांगतो.

१९९१ साली बदली होऊन मी एका गावच्या दवाखान्यात रुजू झालो. पहिल्याच महिन्यात एका घरची संकरित गाय पाहायला गेलो. जर्सी रक्ताची, तांबूस, कपाळावर चांद, म्हणून नाव चांदी. माझ्या आधीच्या काळात तिला पाच वेळा कृत्रिम रेतन झालेलं होतं. कार्डावर पाचही तारखा नीट लिहिलेल्या होत्या. मी हातमोजा चढवून तपासलं तर गर्भाशय लहान, मऊ, निरोगी. बीजांडकोश दोन्ही व्यवस्थित. सोट काचेसारखा स्वच्छ पडत होता असं घरचे सांगत होते. कुठं बोट ठेवायला जागा नाही. आमच्या पुस्तकांत अशा गाईला 'वारंवार उलटणारी' म्हणतात. नाव दिलं की डॉक्टरचं समाधान होतं, मालकाचं होत नाही.

या घराचं पोट त्या गाईवर नव्हतं, थोडी ऊसशेती होती. पण दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर घरातली धाकटी मुलगी फलटणला शाळेत जात होती. एस.टी.चा पास, वह्या, कपडे, सगळं त्या पगारातून. ती तेव्हा नववीत होती. म्हातारे गृहस्थ मला स्पष्टच म्हणाले, "साहेब, गाय इकायची म्हणतोय. गाय गेली की पोरीची शाळाबी गेली. तिला आता घरीच ठेवू, कामाला हातभार लागंल." मुलगी दाराआड उभी होती. तिनं हे पहिल्यांदा ऐकलं नसावं, कारण तिचा चेहरा हलला नाही.

मी परत निघालो आणि गोठ्याच्या भिंतीकडं सहज नजर गेली. कुडाच्या आतल्या बाजूला कोळशानं ओढलेल्या रेघांचे जुडगे होते. सात, सात, सात, आणि शेवटी एक फुली. मग पुन्हा सात, सात, सहा, फुली. मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" कुणी बोलेना. मग सासूबाई म्हणाल्या, "थोरलीचं काम हाय. तिला असंच काईबाई खुळ."

थोरली सून चुलीपाशी होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती भिंतीशी बोलावं तशी बोलली. तिनं सांगितलं ते इतकं चोख होतं की मी वही काढून लिहून घेतलं. माज नेहमी संध्याकाळी सुरू होतो. धार काढताना गाय अस्वस्थ असते, पान्हा नीट सोडत नाही, दूध लिटरभर कमी भरतं, पेंड खात नाही, शेपटी किंचित बाजूला धरते. दिवेलागणीपर्यंत सोट दिसतो. रात्रभर ओरडते. सकाळी ओरडणं कमी होतं. दुपारी पुन्हा एकदोनदा हंबरते, तेवढंच.

"मग त्याच संध्याकाळी का सांगत नाही?" मी विचारलं.

ती गप्प. सासूबाई हसल्या. "आवो साहेब, बाईमाणसानं असलं कसं बोलायचं? मामंजींसमोर?"

मग सारा प्रवास उलगडला. सून पाही संध्याकाळी सहाला. रात्री जेवणं झाल्यावर सासूच्या कानात सांगे, तेही आडून. सासू ते सकाळी नवऱ्याच्या कानावर घाली. नवरा मुलाला सांगे. मुलगा उसाला पाणी देऊन, आंघोळ करून, जेवून दुपारी दवाखान्यात येई आणि म्हणे, "आत्ताच वरडाया लागली."

आमचा नियम असा की सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन, दुपारनंतर दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. नियम उत्तम आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत नेब्रास्का इथं शेकडो गाईंवर तपासून तो बसवला गेला आणि अजून जगभर चालतो. त्याचं कारण असं. गाईचा खरा माज बारा ते अठरा तास टिकतो. स्त्रीबीज सुटतं ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. सुटल्यावर ते फार तर आठ-दहा तास उपयोगी राहतं. रेताला आत गेल्यावर तयार व्हायला पाच-सहा तास लागतात आणि ते साधारण दिवसभर टिकतं. तेव्हा रेत आधी जाऊन वाट पाहत बसलेलं हवं. लग्नात नवरदेव मांडवात आधी येतो, नवरी मागाहून, तसं. इथं काय होत होतं? दुपारी "आत्ताच" म्हटलं म्हणून रेतन करणाऱ्यानं नियमाप्रमाणं दुसऱ्या दिवशी सकाळी कांडी भरली. कुणाचं काही चुकलं नाही. पण खरा माज सुरू होऊन तोवर छत्तीस तास झाले होते. मांडव उठून गेलेला. पाचही वेळा हेच.

मी त्या घरात औषध काही दिलं नाही. म्हाताऱ्यांना एवढंच म्हटलं की पुढच्या खेपेला सूनबाईंनी बोलू नये, पण लिहायला काय हरकत आहे? त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. म्हाताऱ्यांनी पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "लिव्हाया कुठं तोंड लागतंय?"

पुढं वीस-बावीस दिवसांनी सकाळी साडेसातला शाळेत निघालेली ती धाकटी मुलगी दवाखान्याच्या खिडकीतून वहीच्या कागदाची घडी टाकून पळाली. आत लिहिलं होतं: 'गाय. काल सांज ६.' बस. मी आठ वाजता जाऊन कांडी भरून आलो. पहिल्याच खेपेला चांदी गाभण राहिली असं सांगितलं तर गोष्ट देखणी होईल, पण ती राहिली दुसऱ्या खेपेला. सगळं बिनचूक करूनही पहिल्या रेतनाला निम्म्या गाई राहिल्या तर मी तो महिना चांगला गेला असं समजे. अडीच महिन्यांनी तपासून मी गाभण असल्याचं सांगितलं, तेव्हा म्हातारे म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे गाय." शाळेबद्दल कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर ती मुलगी दिसली. ती दहावी झाली, पुढं नर्सिंगला गेली.

चिठ्ठ्यांची पद्धत मग आळीत पसरली. काही बायका नुसताच आकडा लिहीत. एका आजीबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या नातवाबरोबर ज्वारीचे दाणे पाठवत. सहा दाणे म्हणजे सहा वाजता. सकाळचे की संध्याकाळचे, हे नातवानं तोंडी सांगायचं. माझा कंपाउंडर म्हणे, "साहेब, या दवाखान्यात आता फक्त कबुतरं पाळायची राहिलीत."

बायकांना हे अचूक कसं कळतं याचं मला पूर्वी नवल वाटे. त्यात नवल काही नाही. दोन्ही वेळा धार काढायला तीच बसते. गाईच्या पोटाला कपाळ टेकून बसलेल्या माणसाला जे कळतं ते बांधावरून बघणाऱ्याला कळत नाही. आणि दिवस मोजायची सवय बायकांना वेगळी शिकवावी लागत नाही. इतकं असून त्या काळी प्रशिक्षणाची शिबिरं भरत ती पुरुषांची. सतरंजीवर सत्तर फेटे, आणि ज्यांनी ऐकायचं त्या मागं चहा करताहेत, हे चित्र मी कितीदा पाहिलं आहे. दुधाचा पगारही पुष्कळ ठिकाणी पुरुषाच्या नावावर निघतो. असो, त्यावर एक निराळा लेख होईल.

नुसतं पाहणारं माणूस असून भागत नाही, गाईलाही दाखवायची मोकळीक पाहिजे. माजाची सर्वांत पक्की खूण कोणती, तर दुसरी गाय अंगावर चढली असता ही स्थिर उभी राहते. आता जी गाय चोवीस तास दावणीला हातभर दाव्यानं बांधलेली आहे ती ही खूण दाखवणार कशी? आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या गाय बांधूनच ठेवायची चाल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुक्तसंचार गोठे आले, तारेचं कुंपण घालून गाई आत मोकळ्या सोडायच्या. पुष्कळांनी ते शेण काढायची मेहनत वाचते म्हणून केले, आणि सहा महिन्यांनी येऊन सांगू लागले की गाई आता लवकर फळतात. फळत आधीही असत्या. आता त्या दिसू लागल्या, इतकंच. ज्याला जागा नाही त्यानं सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास गाई सोडाव्या आणि मोबाईल खिशात ठेवून बघत उभं राहावं. म्हशीची गोष्ट आणखी अवघड. तिचा माज मुका, उन्हाळ्यात तर नावालाच, आणि जो काही असतो तो रात्री. म्हैस फळवायची तर पहाटे चारला उठणारं माणूस घरात लागतं.

आता गव्हाणीकडं वळतो, कारण काही गाई माजावरच येत नाहीत. व्याल्यापासून तीन महिने, चार महिने, काही नाही. लोक म्हणतात नजर लागली. मी म्हणतो भूक लागली. व्यायलेल्या गाईच्या अंगात खर्चाचा एक क्रम ठरलेला असतो. पहिला खर्च स्वतःच्या जिवाचा, दुसरा दुधाचा, आणि उरलं तर गर्भाचा. व्याल्यानंतरचे सहा-आठ आठवडे दूध भराभर चढतं, पण गाईची भूक तितकी चढत नाही. तूट ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. पाठीची हाडं वर येतात, माकडहाडाशी खड्डे पडतात. संकरित गाईत हे फार, कारण आपण तिला रक्त दिलं हॉलंडचं आणि ताट ठेवलं दुष्काळी गावाचं. अशा वेळी शरीर म्हणतं, आहे त्या वासराचंच भागेना, दुसऱ्याचं कुठून काढू? बीजांडकोश गप्प बसतो. मला यात गाईचा शहाणपणा दिसतो. मालकाला इंजेक्शन हवं असतं. हार्मोनची इंजेक्शनं आहेत, योग्य गाईला योग्य दिवशी दिली तर गुणकारीही आहेत. पण रिकाम्या पोटाच्या गाईला ती देणं म्हणजे तेल संपलेल्या दिव्याची वात पुढं सारणं.

आमच्या नीरेकाठी यात उसाच्या वाढ्याची भर. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने वाढं स्वस्त, हिरवंगार, आणि गाई आवडीनं खातात. मालक खूश. पण वाढ्यात प्रथिनं कमी, आणि ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो तो चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतो. पोट भरतं, गाय भरत नाही. थोडा लसूणघास, थोडी मक्याची वैरण किंवा मुरघास, दुधाच्या मानानं पेंड, आणि रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण, एवढ्यानं किती गोठे सुधारले याची यादी मी देऊ शकेन. खनिज मिश्रणाची पिशवी बहुतेक घरांत असतेच. ती खुंटीला टांगलेली असते, आणि डॉक्टर येणार म्हटलं की उघडली जाते. पाण्याचं तसंच. चांगली दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पाणी पिऊ शकते. तिला दोन बादल्या दाखवून भागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली धापा टाकणाऱ्या गाईत गर्भ धरला तरी पहिल्या काही दिवसांतच तो उष्णतेनं जातो, आणि मालक म्हणतो कांडी खराब होती.

कांडीवर मात्र उगीच आळ येतो असंही नाही. तिची कथा मोठी मजेची आहे. रेत गोठवून ठेवलं तर मरतं, ही शास्त्रज्ञांची जुनी अडचण होती. लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी ऑड्री स्मिथ व अ‍ॅलन पार्क्स कोंबड्याच्या रेतावर साखरेच्या द्रावणात प्रयोग करत होते, यश येत नव्हतं. एकदा अचानक आलं. तपासलं तर बाटलीवरची चिठ्ठी चुकलेली. आत साखर नव्हती, ग्लिसरीन होतं. १९४९ साली ते प्रसिद्ध झालं आणि जगातल्या गोठ्यांचं रूप पालटलं. आपल्याकडं कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग त्याच्याही आधीचा, १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी केलेला. महाराष्ट्रात ते खेड्यापर्यंत नेण्यात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंचा मोठा वाटा. गांधीजींबरोबर १९४६ साली ते तिथं आले आणि तिथलेच होऊन राहिले. १९६७ साली त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली. शेतकऱ्याच्या दारात जाऊन रेतन करायचं, गाय दवाखान्यात हाकत आणायची नाही, ही कल्पना त्यांनी रुजवली. ज्यानं भर उन्हात माजावरची गाय चार मैल चालवत आणलेली पाहिली आहे त्याला या कल्पनेची किंमत कळेल.

तर ही कांडी म्हणजे पाव मिलिलिटरची बारीक नळी. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये शून्याखाली १९६ अंशांवर राहते. बाहेर काढली की ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गनमध्ये बसवायची आणि लगेच भरायची. इतकं साधं. पण काही मंडळी कांडी शर्टाच्या खिशात टाकून मोटारसायकलवरून दुसऱ्या गावी निघालेली मी पाहिली आहेत, कुणी ती तोंडात धरून ऊब देतो, कुणी तळहातावर चोळतो. मालकानं संकोच न करता थर्मामीटर आणि कोमट पाण्याचं भांडं आहे का, हे विचारावं. भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो, मग इथंच भीड कशाला?

एक प्रकरण मात्र मी हसत सांगू शकत नाही. एका गोठ्यात तीन गाई लागोपाठ सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या. वार अडकली. घरच्या तरुण मुलानं ती उघड्या हातांनी ओढून काढली, उकिरड्यावर टाकली, तिथून कुत्र्यांनी गावभर केली. पुढं त्या मुलाला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, सांधे धरायचे. मलेरिया म्हणून, टायफॉइड म्हणून, चार महिने औषधं झाली. माझ्या कानावर आलं तेव्हा मी म्हटलं, ब्रुसेलाची तपासणी करा. गाईंची आणि मुलाचीही. दोन्हीकडं तेच निघालं. मुलगा लांबलचक उपचारांनी बरा झाला, पण कंबर कायमची दुखरी राहिली. गाई गेल्या त्या गेल्याच. म्हणून गाभडलेल्या गाईची वार आणि मेलेलं वासरू उघड्या हातानं धरू नये, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं, आणि बारा तासांत वार पडली नाही तर ओढाओढ न करता डॉक्टरला बोलवावं. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस एकदा टोचली की पुष्कळ काम होतं. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती टोचली जाते. तरी अजून लोक विचारतात, "कालवडीला आत्ताच कशाला सुई?"

समजुतीही खूप. माजानंतर एक-दोन दिवसांनी गाईला, विशेषतः कालवडीला, थोडं रक्त दिसतं. लोक म्हणतात, गेलं, फुकट गेली कांडी. तसं काही नाही. गाय राहिली की नाही हे त्या रक्तावरून कळत नाही. कळतं ते एवढंच की माज होऊन गेला. ज्यानं माज पाहिला नाही त्यानं रक्त दिसल्या दिवसापासून अठरा-एकोणीस दिवस मोजावे आणि मग डोळ्यांत तेल घालून बसावं. दुसरी समजूत, पुन्हा ओरडली नाही म्हणजे राहिली. या एका भरवशावर सहा-सहा महिने रिकाम्या गाईची सेवा करणारी घरं मी पाहिली आहेत. डोहाळे तेवढे पुरवायचे राहिलेले. तपासल्यावर मी "रिकामी आहे" म्हटलं की घरात सुतक पडावं तशी शांतता. अडीच-तीन महिन्यांनी तपासणी करून घेतली असती तर निदान तीन माज हाती लागले असते. आणि जुळ्यातल्या कालवडीचं तर ऐकूनच ठेवा. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड शंभरांत नव्वदांहून अधिक वेळा वांझ निघते. पोटात असताना दोघांच्या वारेतलं रक्त एकत्र होतं, आणि गोऱ्ह्याकडच्या रसांनी तिची घडण बिघडते. तिला हौसेनं तीन वर्षं वाढवून मग माझ्याकडं आणणाऱ्यांना काय सांगायचं? एक गृहस्थ म्हणाले होते, "भावानं बहिणीचं एवढं वाईट केलेलं पयल्यांदाच ऐकतोय, साहेब." मी म्हटलं, "तुमच्या गावात वाटण्या होत नाहीत वाटतं?"

आता काळ बदलला आहे. मोठ्या गोठ्यांत गाईच्या गळ्यात पट्टे आले आहेत. गाय माजावर आली की जास्त चालते, ते पट्ट्याला कळतं आणि मालकाच्या फोनवर घंटी वाजते. नव्वद टक्के कालवडीच होतील अशी निवडक रेताची कांडी मिळते. ती महाग असते, म्हणून ती भरायची वेळ साधली तर पाहिजेच. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा कितीएक गाई गाभडल्या, कितीएक महिनोन्‌महिने माजावर आल्या नाहीत, आणि गोठ्यांचे हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. दोन गाईंच्या घराला पट्टा परवडत नाही. तिथं अजून सूनच आहे. फरक इतका की ती आता पदर ओढून भिंतीशी बोलत नाही. सरळ फोन करते.

मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा नंबर काही घरांत भिंतीवर लिहिलेला आहे. परवाच पहाटे साडेपाचला फोन आला. बोलणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असावी. "आजोबा, गौरीला सोट पडलाय, काचेसारखा. मध्यरात्री दीडला ओरडायला लागली. मागचा एकवीस दिवसांपूर्वीचाच आहे, कालनिर्णयावर लिहून ठेवलंय. डॉक्टरांना संध्याकाळी बोलावू का दुपारीच?"

मी म्हटलं, "दीडला तू जागी कशी?"

"परीक्षा आहे ना," ती म्हणाली. "सांगा ना, दुपारी का संध्याकाळी?"

मी तिला दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बोलावून घे म्हणून सांगितलं, आणि गावात आता जो तरुण डॉक्टर आहे त्याचा नंबर दिला.